छोट्या शब्दांची कापणी आणि लेखकाचा न्याय

कोणत्याही भाषेत सर्वांत जास्त राबणारे शब्द आकाराने सर्वांत लहान असतात. 'आणि', 'नाही', 'ला', 'चा', 'में', 'से', 'पर' यांच्यावाचून एक वाक्य पुढे सरकत नाही. त्यांच्यावर बोलणाऱ्याचा जोर नसतो, म्हणून ते झिजतात. मराठीत 'आणि'चा 'अन्' झाला, 'नि' झाला. 'नाही'चे 'नाय' झाले. इंग्रजीही याला अपवाद नाही. लंडनचा सुशिक्षित माणूसही 'ब्रेड अँड बटर' म्हणताना 'अँड'चा फक्त 'न्' उच्चारतो. घड्याळातले 'ओ'क्लॉक' म्हणजे मुळात 'ऑफ द क्लॉक'. त्यात 'ऑफ'चा 'फ' गेला आणि 'द' पुरताच गेला, तरी या शब्दाला कोणी गावंढळ म्हणत नाही.

असे असताना इंग्लंडच्या उत्तरेकडचा गिरणी कामगार 'विथ'ला 'वि', 'ऑफ'ला 'ओ' आणि 'द'ला नुसता 'त्' म्हणतो, तेव्हा तो अडाणी ठरतो. झीज सर्वांच्याच तोंडी होते. पण कागदावर ती कोणाच्या नावावर मांडली जाते? इंग्रजी साहित्यात हे काम एका चिमुकल्या खुणेने केले आहे. ती खूण म्हणजे अपॉस्ट्रॉफी. अक्षर गळाले आहे हे दाखवणाऱ्या या खुणेला आपण लोपचिन्ह म्हणू. हे लोपचिन्ह कोणत्या लेखकाने कोणाच्या तोंडी दिले, यावरून त्या लेखकाची माणसांकडे पाहण्याची दृष्टी कळते, असे माझे मत आहे. प्रस्तुत लेखात काही इंग्रजी पुस्तकांच्या आधारे हे तपासायचे आहे. आपल्या साहित्यालाही हा प्रश्न लागू पडतो. त्याकडे शेवटी येऊ.

आधी ही कापणी चालते कशी ते पाहू. यॉर्कशायरमध्ये 'द' या उपपदाचा 'त्' होतो, असे पुस्तकांत छापलेले असते. प्रत्यक्षात तिथल्या माणसाच्या तोंडी बहुतेक वेळा स्पष्ट 'त्' नसतोच. पुढच्या शब्दाआधी घशात क्षणभर श्वास अडतो आणि सुटतो, एवढेच. ही अडक आपल्याला अनोळखी नाही. अरबीतला हम्ज़ा तो हाच. 'कुर्आन' हा शब्द तजवीदप्रमाणे उच्चारताना 'र्' आणि 'आ' यांच्यामध्ये जी अडक येते, तीच यॉर्कशायरचा शेतकरी 'द'च्या जागी वापरतो. ही अडक लिहायला इंग्रजी लिपीत अक्षर नाही, म्हणून छापताना 'त्' आणि लोपचिन्ह आले. मग यॉर्कशायरबाहेरच्या नकलाकारांनी छापलेला 'त्' पाहून तो ठासून उच्चारला आणि विनोद केला. लोक ज्याला हसतात तो बऱ्याचदा त्या बोलीतला उच्चार नसतोच, छापखान्यातला असतो.

या कापणीला भूगोलही आहे. शेजारच्या लँकशायरमध्ये, विशेषतः स्वरापुढे, 'द'चा 'थ्' उरतो. यॉर्कशायरच्या पूर्व टोकाला हल शहराच्या आसपास जुन्या बोलीत उपपद पूर्णच गळते. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांच्या पुढाकाराने 1950 ते 1961 या काळात इंग्लंडमधील 313 ठिकाणी बोलींची पाहणी झाली. तिच्या नकाशांवर असे फरक गावोगाव मांडता येतात. आळसाला असा नकाशा नसतो. तो नियमालाच असतो.

आपल्या वाचकांना हे पटवायला फार लांब जावे लागत नाही. अरबीचे 'अल्' हेही उपपदच. 'शम्स'ला 'अल्' लागला की 'अश्शम्स' होते. 'नूरुद्दीन' या नावात 'अल्'चा 'अ' गळाला आणि 'ल्' पुढच्या 'द'मध्ये मिसळला. ज्याला यात आळस दिसेल त्याला कोणताही मौलवी सांगेल की हा इदग़ाम आहे, त्याचा कायदा आहे आणि तो शिकावा लागतो. ही तुलना भाषेच्या नियमापुरतीच आहे. मुद्दा एवढाच, की एका उपपदाच्या झिजण्याला आपण शास्त्र म्हणून पाठ करतो आणि दुसऱ्या उपपदाच्या झिजण्याला जग अडाणीपणा म्हणते.

इंग्रजीच्या आत पाहिले तरी हाच दुहेरी न्याय दिसतो. शेक्सपिअरच्या छापील नाटकांत 'इन द'चे 'इ'थ्' आणि 'ऑफ द'चे 'ओ'थ्' जागोजाग आढळते. राजे आणि सरदारही तसे बोलतात. तिथे त्याला छंदाची सोय म्हणतात. इंग्रजी कवींनी 'ओव्हर'चे 'ओअर', 'एव्हर'चे 'एअर', 'इट इज'चे 'टिझ' केले, ती काव्यभाषा ठरली. मात्र त्याच शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये सरदारपुत्र एडगर वेषांतर करून खेडुताचे सोंग घेतो, तेव्हा 'आय'चे जुने रूप 'इच' कापून त्याचा नुसता 'च्' उरतो. 'आय विल'चे 'चिल' होते. म्हणजे उच्चकुलीन माणसाला खेडूत व्हायचे तर एका सर्वनामाची कापणी पुरते. कापलेला छोटा शब्द रंगभूमीवर फाटक्या सदऱ्यासारखा अंगावर चढवण्याचा पोशाख झाला तो असा.

उर्दूतही वेगळे काही नाही. 'अगर'चे 'गर', 'मेरा'चे 'मिरा', 'एक'चे 'इक', 'यहाँ-वहाँ'चे 'यां-वां' ही रूपे मीर-ग़ालिबच्या ग़ज़लेत आली की आपण मान डोलावतो. दखनी बोलणाऱ्या घरातले मूल 'वां' म्हणाले की आमच्या उर्दू शाळांत त्याला 'वहाँ म्हण' असे बजावले जाते. पुढच्याच तासाला ग़ालिबचा 'वां' फळ्यावर लिहून त्याची तारीफ होते. मुलाने विचारले की सर, हा तोच शब्द ना, तर व्याकरणाच्या दृष्टीने उत्तर 'होय' असेच आहे.

लोपचिन्हाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ते पुष्कळदा खोटे बोलते. 'देम'चे कापून ''एम' झाले असे छपाईवरून वाटते. वास्तविक ''एम' हे 'हेम' या इंग्रजीच्या स्वतःच्या जुन्या सर्वनामापासून आले. 'देम' हे त्यानंतर उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या संपर्कातून आलेले. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला 'हिम'ऐवजी ''अन' म्हणतात, तेही जुन्या 'हिने'चे वंशज आहे. यॉर्कशायरचे 'नाउट' हे 'नथिंग'चे मोडके रूप नाही. प्रमाण इंग्रजीतल्या 'नॉट' म्हणजे शून्य या शब्दाचे ते सख्खे भावंड आहे. अशा शब्दांवर लोपचिन्ह लावणे म्हणजे वडिलोपार्जित घरात राहणाऱ्याला भाडेकरू ठरवणे होय.

स्कॉटलंडच्या लेखकांनी हे ओळखले. रॉबर्ट बर्न्सचा पहिला संग्रह 1786 साली किल्मारनॉक येथे छापला गेला. त्याच्या 'विथ', 'ऑफ', 'ऑल' या शब्दांच्या स्कॉट रूपांवर लोपचिन्हे आहेत. जणू इंग्रज वाचकाला सांगावे की साहेब, इथे एक अक्षर कमी आहे, माफ करा. पुढे या खुणेला 'माफी मागणारे लोपचिन्ह' असेच नाव पडले. 1947 साली एडिंबरा येथे स्कॉट कवींनी लेखनाचे नियम ठरवले आणि ही चिन्हे काढून टाकली. जे अक्षर आमच्या शब्दात नाहीच ते गळाले असे आम्ही का दाखवावे, ही त्यामागची भूमिका होती.

आता कादंबऱ्यांकडे वळू. एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' 1847 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तीत जोसेफ हा म्हातारा नोकर यॉर्कशायरच्या हॉवर्थ परिसरातल्या बोलीत बोलतो. एमिलीने ती बोली इतकी बारकाईने उतरवली, की पुढे बोलीच्या अभ्यासकांनी ती बरीचशी अचूक ठरवली. एमिली 1848 मध्ये वारली. 1850 ची आवृत्ती काढताना बहीण शार्लटने जोसेफच्या बोलण्याचे स्पेलिंग सौम्य केले. दक्षिणेकडच्या वाचकांना ते कळणार नाही, हे तिचे कारण होते. शार्लट स्वतः त्याच मातीतली, बहिणीवर तिची माया होती, तिचा हेतू वाईट नव्हता. तरीही मोजमाप कोणाचे घेतले गेले, हे पाहावे लागते. नोकराच्या जिभेपेक्षा लंडनच्या वाचकाची सोय जड ठरली. आजच्या बहुतेक आवृत्त्या 1847 च्या पाठाकडे परत गेल्या आहेत, हे योग्यच झाले.

परंतु एमिलीचा न्यायही पुरता सरळ नाही. नेली डीन ही त्याच भागातली, त्याच घरातली नोकर. कथा तिने सांगायची म्हणून तिची भाषा प्रमाण आहे. हेअर्टन हा वंचित वारस बोलीत बोलतो, कॅथी त्याला हसते. पुढे प्रेम जुळते ते ती त्याला वाचायला शिकवते आणि त्याचे उच्चार सुधारते तेव्हा. हे प्रसंग सुंदर आहेत. पण त्यांचा अर्थ असा होतो की बोलीतून बाहेर पडल्याशिवाय हेअर्टनला प्रेम मिळत नाही. आणि हीथक्लिफ? लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला तो काळासावळा पोरगा घरी येतो तेव्हा स्वतःच्या भाषेत काहीतरी पुन्हा पुन्हा बोलतो. कादंबरी सांगते की ते कोणालाच कळले नाही, आणि पुढे जाते. शेजारचे लिंटनसाहेब अंदाज बांधतात की हा 'लास्कर' असावा. लास्कर म्हणजे आपल्याच 'लश्कर'वरून आलेला शब्द. इंग्रजांच्या जहाजांवर राबणाऱ्या हिंदुस्थानी किनाऱ्यावरच्या खलाशांना तो लावत. त्यांत कोकणातले मुसलमानही होते. हीथक्लिफ खरोखर कोण हे कादंबरी उघड करत नाही. आपल्याला एवढेच दिसते की जोसेफच्या एकेका अक्षराची नोंद झाली आणि त्या मुलाच्या भाषेला एक शब्दही मिळाला नाही. लोपचिन्ह मिळणे हीसुद्धा एक पायरी असते. त्याखाली मुकेपणाची पायरी असते.

याच काळातली एलिझाबेथ गॅस्केलची 'मेरी बार्टन' (1848) मला अधिक न्यायी वाटते. मँचेस्टरच्या गिरणी कामगारांची ही कथा आहे आणि तीत लँकशायरची बोली नायकांच्या तोंडी आहे, केवळ विनोदी नोकराच्या नाही. तिचे पती विल्यम गॅस्केल यांनी तळटिपा लिहून दाखवले की कामगारांचे हे शब्द चॉसरसारख्या जुन्या कवींकडेही आहेत. कापलेल्या, जुनाट वाटणाऱ्या शब्दांना वंशावळ देणे ही साधी गोष्ट नव्हती. कापड गिरणीतला माणूस उपाशी पोटी बोलतो तेव्हा त्याच्या जिभेवर कवींची भाषा आहे, असे त्या तळटिपा सांगत होत्या.

'वुदरिंग हाइट्स'च्या बरोबर उलटी चाल फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या 'द सीक्रेट गार्डन' (1911) या मुलांच्या कादंबरीत आहे. बर्नेट जन्माने मँचेस्टरच्या. या कथेतली मेरी हिंदुस्थानात वाढलेली, चिडखोर साहेबाची मुलगी. पटकीच्या साथीत आईवडील गेल्यावर ती यॉर्कशायरला येते. तिथे मार्था ही मोलकरीण आणि तिचा भाऊ डिकन 'वि', 'ओ' आणि 'थ्' अशा कापलेल्या शब्दांत बोलतात. मेरी त्यांना सुधारत नाही, ती स्वतः यॉर्कशायर बोलायला शिकते आणि आजारी कॉलिनलाही शिकवते. हेअर्टनला प्रेमासाठी बोली सोडावी लागली, मेरीला प्रेम बोलीतून मिळाले. मेरी या बोलीची तुलना हिंदुस्थानातल्या स्थानिक बोलींशी करते आणि हुशार माणसे अशा बोली शिकतात असे म्हणते. इंग्रजी बालसाहित्यात मोलकरणीच्या भाषेला इतका मान क्वचित मिळाला असेल.

तरी दोन गोष्टी टोचतात. मेरी आणि कॉलिन ही बोली हवी तेव्हा घालतात, हवी तेव्हा उतरवतात. मार्थाला ती मुभा नाही. आणि मेरीची आया? ती पहिल्याच प्रकरणात पटकीने मरते. पुढे एका रात्री कॉलिनला झोप येत नाही, तेव्हा मेरी त्याचा हात थोपटत आयाकडून शिकलेले हिंदुस्थानी गाणे हळू आवाजात गाते. मुलगा झोपतो. त्या गाण्याचा एक शब्दही पानावर नाही. यॉर्कशायरची कापलेली अक्षरे मोजून छापली, पण आयाच्या गाण्याला अक्षर नाही. हे पुस्तक मला प्रिय आहे, म्हणूनच ही नोंद करणे आवश्यक वाटते.

शिक्षकांनी तर बॅरी हाइन्स यांची 'अ केस्ट्रल फॉर अ नेव्ह' (1968) अवश्य वाचावी. केन लोच यांनी 1969 मध्ये तिच्यावरून 'केस' हा चित्रपट केला. हाइन्स कोळशाच्या खाणींच्या बार्न्सली भागातले. स्वतः शाळेत शिकवत. बिली कॅस्पर हा मार खाणारा, मागे पडलेला मुलगा एक ससाणा पाळतो. इंग्रजीच्या तासाला शिक्षक त्याला बोलायला लावतात. सुरुवातीला तो अडखळतो, मग ससाण्याला कसे माणसाळवले ते आपल्या बोलीत सांगू लागतो. त्याच्या 'द'चा 'त्' तसाच राहतो, 'विथ'चा 'वि' तसाच राहतो. पण त्याच वाक्यांत ससाणेबाजीचे नेमके पारिभाषिक शब्द येतात आणि शिक्षकच त्याला स्पेलिंग विचारतात. वर्ग शांत बसून ऐकतो. ज्ञान आणि बोली यांचा काही झगडा नाही, हे कोणतेही भाषण न देता हाइन्स दाखवतात. येथे लोपचिन्ह लाज दाखवत नाही, केवळ आवाज दाखवते. लीड्सचे कवी टोनी हॅरिसन यांनी तर 'अस' म्हणजे 'आम्हाला' या एवढ्याशा शब्दाचा उत्तरेकडचा 'अझ' हा उच्चार कवितेच्या शीर्षकातच आणला आणि त्या कारणाने शाळेत झालेल्या अपमानाचा हिशेब मांडला.

या सगळ्यांत एका विद्वानाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जोसेफ राइट 1855 मध्ये ब्रॅडफर्डजवळ जन्मले. सहाव्या वर्षी ते दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हाकत, नंतर सॉल्टेअरच्या गिरणीत लागले. पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे त्यांनी जर्मनीत डॉक्टरेट घेतली, 1892 मध्ये आपल्या विंडहिल गावाच्या बोलीचे व्याकरण लिहिले, 1898 ते 1905 या काळात सहा खंडांचा इंग्रजी बोलींचा कोश सिद्ध केला आणि 1901 मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. ज्या बोलीला लोक हसत होते तिचे व्याकरण त्यांनी शास्त्रीय भाषांच्या तोलाने मांडले. यापेक्षा मोठे उत्तर कोणते असू शकते?

याच ब्रॅडफर्ड-ड्यूजबरीच्या गिरण्यांत 1950 आणि 1960 च्या दशकांत मीरपूरचे आणि गुजरातचे मुसलमान कामाला गेले. आज त्यांच्या नातवंडांच्या इंग्रजीत यॉर्कशायरचा सूर ऐकू येतो. मदरशातला हम्ज़ा आणि रस्त्यावरचा 'त्' एकाच घशातून निघतो.

आता आपल्याकडे पाहू. मराठी नाटक-सिनेमांत मुसलमान पात्र आले की बहुधा त्याच्या तोंडी एक ठरावीक भाषा येते: 'अरे साब, हम बोलता है', 'तुम किधर जाता'. माझ्या माहितीत ही भाषा कोणत्याही मुसलमान घरात बोलली जात नाही. कोकणातला मुसलमान त्याची कोकणी बोली बोलतो. मराठवाडा-सोलापूरकडच्या घरात दखनी बोलली जाते; तीत मराठीचा 'च' आणि 'नक्को' मुरलेला आहे, 'नहीं'चे 'नै' आहे, 'यां-वां' आहे. या प्रत्येकाला कायदा आहे. रंगभूमीवरच्या मोडक्या हिंदीला कायदा नाही. ती एडगरच्या सोंगासारखी अंगावर चढवलेली आहे.

दुसऱ्यांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. आपण मुस्लिम मराठी लेखक काय करतो? भीतीने दोन वाटा धरतो. एक तर अम्मी, नानी, बागवान, खाटीक सगळेच पुस्तकी मराठी बोलतात. नाहीतर त्यांच्या तोंडी पाठ्यपुस्तकातली शुद्ध उर्दू घालतो. पहिल्या वाटेत शार्लट ब्राँटेची काळजी आहे, दुसरीत आपली इभ्रत सांभाळण्याची धडपड. दोन्हींत नानीचा खरा आवाज हरवतो. कोणी धाडसाने दखनी लिहिलीच, तर लगेच कंसात अर्थ देतो. तो कंस म्हणजे आपले माफी मागणारे लोपचिन्ह.

कोणी म्हणेल, बोलीचे अति लेखन वाचकाला थकवते. हे खरे आहे. जोसेफची काही पाने वाचताना कोणीही थकेल. प्रत्येक श्वास लिहावा असे माझे म्हणणे नाही. लेखकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. कापलेले शब्द फक्त गरीब, नोकर आणि विनोदी पात्रांच्याच तोंडी आहेत काय? ते त्या बोलीच्या नियमाप्रमाणे आहेत, की अंदाजाने मोडले आहेत? आणि ते बोलणाऱ्याला विचार करण्याची, दुःख करण्याची, बिली कॅस्परसारखी काही शिकवण्याची जागा दिली आहे काय? या तीन प्रश्नांवर जी कथा उतरेल तिच्यात दोनच शब्द बोलीचे असले तरी पुरेत.

शाळेत प्रमाण उर्दू, प्रमाण मराठी, प्रमाण इंग्रजी शिकवावीच लागते. परीक्षा आणि नोकरी त्याच भाषांत आहे आणि गरीब मुलाला ती नाकारणे हा अन्यायच ठरेल. परंतु 'वहाँ' शिकवण्यासाठी 'वां'ला चूक ठरवावे लागत नाही. दोन्ही फळ्यावर शेजारी लिहावेत, एक कुठे चालतो आणि दुसरा कुठे, ते सांगावे. जोसेफ राइट यांनी ऑक्सफर्डमध्ये बसून विंडहिलचे व्याकरण लिहिले, त्यात हाच धडा आहे. दखनीच्या छोट्या शब्दांचे असे व्याकरण आपल्यापैकी कोणीतरी मराठीत लिहावे. त्या कामाला लागणारे शब्दभांडार आपल्या घरात, आपल्या आयाबहिणींच्या तोंडी रोज उपलब्ध आहे.